बापूकाकांचं लोखंड

माझी काजूची फॅक्टरी आहे. तिथे टरफलं साचतात तसे आमच्या मंडळीत किस्से साचलेत. कोणी मुद्दाम गोळा करत नाही, पण कोपऱ्यात ढीग होतोच. आणि विलासशेठच्या पेढीवर चहा आला की कोणीतरी त्या ढिगात हात घालतो!

मंडळी म्हणजे तिघंच. मी काजूवाला, विलासशेठ सराफ, आणि बापूकाका आंबा बागायतदार. बापूकाकांचं वय ऐंशीच्या घरात, आवाज अजून चाळिशीतला. आम्हा तिघांना जोडणारी गोष्ट एकच. तिघांकडे पिस्तुलाचं लायसन्स आहे, आणि तिघांची पिस्तुलं जुनी, अख्खी लोखंडी. हल्लीच्या पोरांकडे अर्धी प्लास्टिकची असतात, हलकी. तसं कोणी दाखवायला आणलं की बापूकाका विचारतात, "पाणी भरून आणलंयस काय रे? होळी लांब आहे अजून!"

बापूकाकांचं पिस्तूल त्यांच्या सासऱ्यांचं. सासरे गुहागरचे, सुपारीवाले. ते गेल्यावर रीतसर अर्ज-बिर्ज होऊन ते जावयाच्या नावावर आलं. नलूकाकू, म्हणजे बापूकाकांच्या पत्नी, त्यावर म्हणतात, "हुंडा घेतला नाही म्हणून गावभर मिरवलंत, आणि शेवटी वसूल केलंत ते हे!"

हे सगळं आज निघायचं कारण म्हणजे या उन्हाळ्यात बापूकाकांचं लायसन्स रिन्यूअलला आलं. आणि हल्ली त्यांचे हात थरथरतात. चहाची बशी वाजते. पिस्तुलाची वरची स्लाइड मागे ओढल्याशिवाय आत गोळी आहे की नाही ते दिसत नाही, आणि ती ओढायला मनगटात जोर लागतो. पोलिसांतले नवे साहेब प्रत्येकाला समोर ओढून दाखवायला लावतात, असं आमच्या कानावर आलं होतं. नाही जमलं, तर पिस्तूल गेलं! बापूकाका आतून पार धास्तावले होते.

त्याचं काय झालं ते सांगतोच. पण आधी बाकीचे किस्से ऐका, नाहीतर ते अर्धंच कळेल.

*

लोखंडी पिस्तूल बाळगायचं म्हणजे पहिला प्रश्न संरक्षणाचा नसतो, पँटचा असतो!

विलासशेठ अंगाने उदबत्तीची काडी. कमरेला पट्टा बांधायचा तर आधी कंबर लागते, ती देवाने दिलेली नाही. एकदा गुहागरला एका लग्नघरी दागिने पोचवायचे होते. शेठ निघाले. शर्टाखाली पिस्तूल, दोन्ही हातांत दागिन्यांचे डबे. गाडीतून उतरून अंगणात पोचतात तोच पँटने प्रस्थान ठेवलं. डबे खाली ठेवायचे तर सोनं, न ठेवायचे तर अब्रू! शेठ दोन्ही कोपरं पोटाशी दाबून, खेकड्यासारखे आडवे चालत निघाले.

ओटीवर नवरीचे आजोबा सुपारी कातरत बसले होते. त्यांनी चष्मा वर केला, शेठना नीट पाहिलं आणि आत हाक मारली, "अगो, सोनं मागनं बघा! आधी सुतळी आणा कोणीतरी!"

तेव्हापासून शेठ पँट खांद्यावरून तोलणारे पट्टे, म्हणजे गॅलस लावतात. रत्नागिरीत गॅलस लावणारा सराफ दिसला तर ओळखा, तो आमचा.

*

दुसरा शत्रू म्हणजे खारा वारा. आमच्याकडे खिडकीचे गज गंजतात, गाडीचे पत्रे गंजतात, तिथे पिस्तुलाची काय कथा! त्याला तेल लावत राहावं लागतं. त्यासाठी वेगळं तेल मिळतं. पण बापूकाकांची स्वतःची नारळाची झाडं. "डोक्याला चालतं ते पिस्तुलाला चालत नाही? मेल्या, पिस्तुलाचं डोकं काय माझ्यापेक्षा नाजूक आहे?"

वर्षभर चाललंसुद्धा. मग जानेवारीत अलोऱ्याच्या बाजूला नेमबाजीच्या सरावाचं शिबिर होतं. सकाळची वेळ, आत घाटाकडची थंडी. बापूकाका ऐटीत पुढे झाले, स्लाइड ओढली. ती अर्ध्यावर येऊन थांबली. पुढेही जाईना, मागेही येईना. शिकवणाऱ्याने आत डोकावून पाहिलं, तर सगळं पांढरं. खोबरेल थिजलं होतं!

"काका, हे काय भरलंय आत?"

"भरलंय काय, लावलंय! घरचं आहे, घाण्याचं!" बापूकाका अभिमानाने म्हणाले.

शेवटी पिस्तूल एका कातळावर उन्हात ठेवलं आणि तेल वितळेपर्यंत अख्खं शिबिर पोहे खात बसलं. घरी हा किस्सा काकूंना सांगितला. त्या म्हणाल्या, "नुसतं पिस्तूल काय ठेवलंत? बाजूला यांचं डोकंही ठेवायचं होतंत!"

*

आता माझा. पावसाळ्यात इथे मीठसुद्धा रडतं. कोणीतरी सांगितलं, पिस्तूल तांदळात पुरून ठेव, दमटपणा ओढून घेतो. मी ठेवलं. अर्थात रिकामं, गोळ्या वेगळ्या तिजोरीत. डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली अडकवली बायकोच्या जुडग्यात. इथे चुकलं.

श्रावणात माझ्या पुतणीला बघायला चिपळूणची मंडळी आली. मुलगा चांगला, आई गरीब स्वभावाची. वडील मात्र पहिल्या चहापासून "तसं आम्हाला काही नको, पण लोक विचारतात हो" असं सुरू झालेले. फ्लॅटवर आले, गाडीवर आले, सोन्याकडे वळणार होते. तेवढ्यात जेवायलाच थांबायचं ठरलं. रोजचा तांदूळ कमी पडेल म्हणून वहिनीने, म्हणजे पुतणीच्या आईने, बायकोच्या जुडग्यातली किल्ली लावून कुलपातला डबा काढला, आणि गप्पा ऐकता याव्यात म्हणून सूप घेऊन बाहेरच बसली. डबा सुपात ओतला.

तांदळाबरोबर धाडकन पिस्तूल पडलं!

वहिनीला ठाऊकच नव्हतं. ती किंचाळली. मी आपला शांतपणे पुढे झालो, पिस्तूल उचललं, फुंकर मारून त्यावरचे तांदूळ उडवले आणि विचारलं, "हां, तर तुम्ही सोन्याचं काय म्हणत होतात?"

"छे छे! आमची काही म्हणजे काही मागणी नाही हो!" मुलाचे वडील उठूनच उभे राहिले.

लग्न नारळ आणि मुलगी यावर झालं. पुतणी सुखात आहे. सासरे अजून आमच्याकडे भात वाढला की आधी चमच्याने चाळवून बघतात.

*

निवडणूक लागली की लायसन्सवाल्यांनी हत्यारं पोलिसांत जमा करायची, ही आमची जुनी रीत. आमचं ते स्नेहसंमेलनच असायचं. दसऱ्यानंतर निवडणूक आली की मजा वेगळीच, कारण बापूकाका दसऱ्याला पिस्तुलाची पूजा मनापासून करतात. हळद, कुंकू, अक्षता, नळीत झेंडूचं फूल. एकदा हवालदारांनी टेबलावर पिस्तूल उलटं केलं तर पाकळ्या, तांदूळ आणि चिमूटभर गुलाल पडला. ते म्हणाले, "काका, हे जमा करून घेऊ की आरती म्हणू?"

मग पद्धत बदलली. आता सरसकट सगळ्यांना बोलवत नाहीत. कोणाचं हत्यार जमा करायचं ते आधी ठरतं आणि तेवढ्यांनाच निरोप येतो. मागच्या निवडणुकीत मला निरोप आला, शेठना आला. बापूकाकांना आला नाही.

झालं! बापूकाका दोन दिवस जेवले नाहीत धड. तिसऱ्या दिवशी पिशवीत पिस्तूल घेऊन पोलीस स्टेशनात दाखल. आम्ही मागोमाग.

"मी धोकादायक नाही, हे कोणी ठरवलं?"

"काका, तुमच्याबद्दल कधी तक्रारच नाही," हवालदार समजुतीने म्हणाले. ते लांज्याचे, आमच्या सगळ्यांच्या ओळखीचे. "तुम्ही सज्जन माणूस."

"सज्जन? अहो, माझा आवाज आला की चार वाड्यांतली पोरं झाडावरनं खाली उड्या टाकतात! आणि हा काजूवाला धोकादायक? हा झुरळाला अहो-जाहो करतो!"

हवालदारांनी शेवटी काकूंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "काकू, काका पिस्तूल जमा करायचंच म्हणतायत. काय करू?"

पलीकडून काकू शांतपणे म्हणाल्या, "घ्या हो जमा. आणि जमलं तर त्यांनाही ठेवून घ्या निकाल लागेपर्यंत."

*

तर आता ते रिन्यूअल.

साहेबांकडे जायच्या आदल्या दिवशी मी बापूकाकांकडे गेलो. ते पडवीत रिकामं पिस्तूल घेऊन सराव करत बसले होते. स्लाइड निम्मी यायची आणि हातातून सुटायची. एकदा तर अंगठ्याचं सालटं घेऊन गेली. अंगठा तोंडात धरून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या गर्दी असेल काय रे तिथे?"  ज्या माणसाने आयुष्यभर सगळ्या गावाला दम भरला, त्याला आता चार लोकांना आपले हात थरथरताना दिसतील याची भीती होती. 

मागच्या दारी काकू चीक चिकटू नये म्हणून हाताला खोबरेल चोपडून फणसाची कुयरी, म्हणजे कोवळा फणस चिरत होत्या. विळीच्या पात्यावरून चीक ओघळत होता. निघताना त्यांनी मला थांबवलं.

"ते मेलं लोखंड घरातनं गेलं ना, तर मी देवाला नारळ फोडीन," त्या हळूच म्हणाल्या. "कधी कुणाच्या पायावर पडेल नेम नाही. पण यांचे हात चालत नाहीत म्हणून काढून घेतलं, असं नको हो व्हायला. ते यांना सोसायचं नाही."

मग पडवीकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "पुरे आता! द्या इकडे, पुसून ठेवत्ये."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो तर काकू नवं पातळ नेसून, पर्स घेऊन दारात तयार. "मीही येत्ये." बापूकाका म्हणाले, "तुझं काय काम तिथे?" काकू सरळ रिक्षात जाऊन बसल्या.

साहेब घाटावरचे, तरुण, बोलायला अदबशीर. नुकतेच बदलून आलेले. त्यांनी कागद पाहिले आणि म्हणाले, "काका, फक्त स्लाइड मागे ओढून दाखवा. एवढंच."

बापूकाकांनी पिस्तूल घेतलं. हात थरथरत होते, ते सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी ओढलं. स्लाइड केसभरसुद्धा हलली नाही. पुन्हा ओढलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. नाही म्हणजे नाही! विलासशेठ आपल्या गॅलसकडे बघायला लागले. मी जमिनीकडे.

"असू दे काका," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "वय झालं की होतं असं. कुणाचा दोष नाही." आणि त्यांनी कागद पुढे ओढला.

"साहेब," काकू म्हणाल्या, "एकदा तुम्ही बघता का ओढून?"

साहेबांनी त्यांचं मन राखायला म्हणून पिस्तूल घेतलं. बसल्या बसल्या ओढलं. मग उभं राहून ओढलं. मग टोपी काढून ओढलं. शेवटी दारातल्या हवालदारांना हाक मारली. तेच ते लांज्याचे, सकाळ-संध्याकाळ व्यायामशाळेत जाणारे. त्यांनी पिस्तूल पोटाशी धरलं, दात-ओठ खाल्ले, लालबुंद झाले. स्लाइड होती तिथेच!

साहेब घाम पुसत खुर्चीत बसले. "काका, माफ करा. तुमच्या हातांना काही झालेलं नाही. पिस्तूलच जाम आहे."

"मी तेच सांगत होतो!" बापूकाका गरजले.  काय तो चेहरा उजळला! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"लायसन्स रिन्यू करतो," साहेब म्हणाले. "पिस्तूल मात्र दुरुस्तीला टाकावं लागेल. होईपर्यंत घरी नेता येणार नाही. चालेल ना?"

"चालेल हो," बापूकाकांच्या आधी काकू म्हणाल्या. "सावकाश होऊ दे. आम्हाला मुळीच घाई नाही."

साहेबांनी सही करायला पेन उचललं. सही झाली, पण पेन बोटांना सोडेना. दुसऱ्या हाताने काढायला गेले तर कागदच त्या हाताबरोबर वर आला. त्यांनी रुमाल घेतला, रुमाल चिकटला. "हे काय लागलंय?" ते बोटं एकमेकांपासून सोडवत म्हणाले.

हवालदारांनीही तळवा चोळून पाहिला. मग नाकाशी नेला. एकदा काकूंकडे बघितलं आणि ते छताच्या पंख्याकडे पाहत उभे राहिले.

काकूंनी पर्स उघडली आणि एक लहानशी बाटली काढून टेबलावर ठेवली. "रुमालानं जायचं नाही ते साहेब. खोबरेल लावा, लगेच सुटतं."

"तुम्ही तेल घेऊन फिरता?"

"घरचं आहे," काकू म्हणाल्या. "घाण्याचं."

साहेबांनी तेल घेतलं. मग हवालदारांनी घेतलं. मग बापूकाकांनी आपला थरथरता तळवा काकूंच्या पुढे केला.