फुगडीतले दौलतराव

फुगडी एकटीनं घालता येत नाही, हे पोरीसोरींनाही कळतं. पण करोनाच्या त्या साली पुनावळ्याच्या एका सोसायटीतल्या बायकांनी ती एकेकटीनं घालायचं ठरवलं, आणि त्यात सुभद्राबाईंच्या पदरी जे आलं ते वैऱ्याच्याही पदरी येऊ नये.

सुभद्राबाई मूळच्या औशाकडच्या. नवरा दौलतराव चाकणला कंपनीत फिटर. थेरगावातल्या भाड्याच्या खोलीत मुलगा गणराज वाढला, मग पुनावळ्याला फ्लॅट झाला. फ्लॅट म्हणजे दार लावलं की शेजारी मेला की जगला कळत नाही. त्या एकटेपणातून बाईला मंगळागौरीच्या खेळांनी बाहेर काढलं. सोसायटीतल्या बायकांचा ग्रुप होता, श्रावणात चिंचवड-निगडीच्या हॉलमधून त्यांचे कार्यक्रम होत. शेवटी सुभद्राबाई आणि विजयश्री यांची फुगडी असे, आणि ती सुरू झाली की हॉल शिट्ट्या मारी. दौलतराव मागच्या रांगेत सगळ्या बायकांच्या पर्सा सांभाळत बसत. त्यावर बायका हसत. हसणाऱ्यांतल्या निम्म्या मनातून जळत होत्या, हे वेगळं.

त्या साली हॉल बंद. ग्रुपची पुढारी दिव्या, हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करणारी हुशार पोर. ती म्हणाली, "काकू, आपण फिल्म करू. सगळ्यांनी घरी खेळायचं, मोबाइलवर शूट करून मला पाठवायचं. मी जोडते." पिंगा झाला, सूप नाचवून झालं. घोडं अडलं फुगडीपाशी. विजयश्रीची इमारत सील झालेली. दिव्यानं तोड काढली: दोघींनी आपापल्या घरी कुणाचे तरी हात धरून फुगडी घालायची, समोरच्या माणसाचे फक्त हात दिसू द्यायचे. दोन अर्ध्या फुगड्यांची एक करायचं काम तिचं.

सुभद्राबाईंनी आधी खिडकीचे गज धरून पाहिले. गज काही फिरत नाहीत. दौलतराव कॉटवर बसून बघत होते. कंपनीची एकच शिफ्ट नुकती सुरू झाली होती आणि त्या दिवशी त्यांना सुट्टी होती.

"गजाला काय लोंबकळायलीस? माझे हात धर की," ते म्हणाले.

"तुम्ही? वरातीत कधी नाचला नाहीत!"

"वरातीत तू घोड्यामागं होतीस. आता समोर हाईस."

मोबाइल दौलतरावांचाच; सुभद्राबाईंकडे नुसता बोलण्यापुरता बटणांचा फोन. तो पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. हात बाईचे वाटावेत म्हणून सुभद्राबाईंनी हिरव्या बांगड्या आणल्या. "कंपनीत लई तोऱ्यात सांगत होतो, हातात बांगड्या भरल्या न्हाईत म्हणून. घाल आता," असं म्हणत दौलतरावांनी हात पुढे केला. पण पान्हे फिरवून फिरवून बोटांची पेरं अशी फुगलेली, की बांगडी पेरांच्या पुढे जाईना. शेवटी तसेच उघडे हात धरले. पावलाला पाऊल लावलं. सुभद्राबाई भीत भीत मागे झुकल्या.

"अंग टाक. मी सोडत न्हाई."

त्यांनी अंग टाकलं आणि घर गरगरा फिरलं. इतक्या वर्षांच्या संसारात भर दिवसा त्यांनी नवऱ्याचे हात असे कधी धरले नव्हते. हसता हसता नथ निसटली, तरी त्या थांबल्या नाहीत. दौलतरावांनी तो व्हिडिओ लगेच दिव्याला पाठवला आणि कितीतरी वेळ धापा टाकत, हसत जमिनीवर बसून राहिले.

आठवड्याभरात त्यांना ताप आला. ॲम्ब्युलन्स खाली उभी राहिली तेव्हा बॅग स्वतःच उचलली, आणि सुभद्राबाई पुढे झाल्या तशा ओरडले, "लांब हो! हात लावू नको." ते त्यांचं समोरासमोरचं शेवटचं बोलणं. पुढे काही दिवस फोनवर धाप ऐकू येई, मग तीही येईना. सुभद्राबाई घरात कोंडलेल्या. बंगळुरूहून पास काढून आलेल्या गणराजनं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या बापाला लांबून हात जोडले. बॅग परत मिळाली नाही आणि तिच्यातला मोबाइलही नाही. जाताना गणराज आपला जुना मोबाइल आईला देऊन गेला.

रडं ओसरलं तेव्हा सुभद्राबाईंच्या ध्यानात आलं, की आपण ह्यांना शेवटचं धरलं ते फुगडीत. आणि ती फुगडी आता फक्त दिव्याकडे आहे.

इकडे ग्रुपमध्ये वेगळीच चर्चा पेटली होती. चतुराबाईंच्या नव्या सुनेची ती पहिली मंगळागौर. "वाईट मलाबी वाटतं," चतुराबाई म्हणाल्या, "पण सवाष्णींच्या खेळात आता तिला कशी दाखवायची?" माणसाला मरून महिना नाही आणि यांना शकुन सुचत होते. दिव्या संतापली. तिनं थेट सुभद्राबाईंना फोन लावला. "काकू, तुम्हीच सांगा, काय करू?"

"ती फुगडी तेवढी राहू दे, बाई. काढू नको."

पुढचं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. पण ज्या बाईनं नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नाही, ती लेकीच्या वयाच्या मुलीला कसं सांगणार, की मला ह्यांचे हात बघायचे आहेत? त्यांनी फोन ठेवून दिला. दिव्याला वाटलं, काकूंना फिल्ममध्ये राहायचंय. ती भांडली, ग्रुप सोडायची धमकी दिली आणि जिंकलीसुद्धा. मनानं सोन्यासारखी पोर. तिला बोल लावायला जागाच नाही.

श्रावणातल्या शेवटच्या मंगळवारी फिल्म आली. सुभद्राबाई मोबाइल घेऊन कॉटवर बसल्या. फुगडी आली. एकीकडे विजयश्री, एकीकडे त्या स्वतः, नथ निसटलेली, तोंडभर हसू. आणि हात जिथे मिळतात तिथे झेंडूचं एक मोठं केशरी फूल, दोघींबरोबर गरगर फिरणारं. खाली सगळ्यांनी लिहिलं होतं, वाटतच नाही वेगवेगळ्या घरांत खेळल्या म्हणून.

त्यांनी दिव्याला फोन केला. "पोरी, ते फूल काढून देतीस का?"

"फूल काढलं तर काकांचे हात दिसतात, काकू. किती खटपट करून झाकलेत!"

"मग आधीचं आहे का? ह्यांनी पाठवलेलं?"

"मोबाइल भरला होता हो. फिल्म झाली तशा सगळ्यांच्या क्लिपा पुसल्या, आता ते फूल निघायचं नाही..." बोलता बोलता दिव्या थांबली. मग तिच्या हुंदक्यांचा आवाज येऊ लागला. "काकू, तुम्ही सांगितलं का नाही हो मला?"

"रडू नको. चांगली केलीस फिल्म," सुभद्राबाई म्हणाल्या. तिचं रडणं थांबेपर्यंत त्यांनी फोन कानाला धरून ठेवला.

मग त्यांनी पुन्हा फिल्म लावली. फुगडी आली तसा पदर बोटाला गुंडाळला आणि काचेवरून ते फूल पुसायला लागल्या. बोट लागताच चित्र पुढे पळालं, चतुराबाईंची सून आरती ओवाळू लागली. सुभद्राबाईंनी ते मागे आणलं आणि परत पुसलं.