अक्कांच्या वडिलांची फाइल

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून बेंगळुरूला नोकरीला आलो आणि इथल्या शिवाजीनगरात एका मराठी विधवा बाईंच्या माडीवर भाड्याने राहिलो. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणू लागलो.

त्यांच्या वडिलांनी जायच्या आधी आपल्या आठवणी दोन कॅसेटींवर सांगून ठेवल्या होत्या. कँटोन्मेंटमधलं खोगीर शिवण्याचं दुकान, गोऱ्या साहेबांचे घोडे, अर्धी कन्नड मिसळलेली मराठी. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "अक्का, मी हे कॉम्प्युटरवर उतरवून देतो."

चार महिने शनिवारी ऑफिसात बसून उतरवलं. मराठीसाठी तिथे एक प्रोग्राम होता. अक्षरं फार देखणी, पण त्याची फाइल दुसऱ्या कशातच उघडत नसे. शेजारी बसणारा सहकारी म्हणाला, "साध्या टेक्स्टमध्येही एक प्रत ठेव. ओबडधोबड दिसेल, पण कुठेही उघडेल."

मी हसलो. मला ओबडधोबड नको होतं.

पहिली तीन पानं छापून अक्कांना दिली, बाकीची सवडीने छापू म्हणालो. पदराला हात पुसून त्या कितीतरी वेळ अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "कॅसेटी जपून ठेवू ना?"

"कशाला? आता सगळं फ्लॉपीत आहे."

त्यांनी त्या कॅसेटींवर भजनं भरून घेतली.

दोन वर्षांनी त्यांच्या भावाला प्रत हवी होती. तोवर ऑफिसातली मशीनं बदलली होती, तो प्रोग्राम कुणाकडेच उरला नव्हता. फाइल उघडली तर पडदाभर चौकोन आणि वेडीवाकडी चिन्हं. आठवडाभर धडपडलो. मग खाली जाऊन सांगितलं, "अक्का, फ्लॉपी खराब झाली. बुरशी लागते त्यांना."

फ्लॉपी धडधाकट होती.

"सरी, असू दे," अक्का म्हणाल्या, "तू तरी काय करणार? तुझे चार महिने फुकट गेले की रे." आणि माझ्यासाठी कॉफी टाकायला उठल्या.

खरं सांगायला तेव्हा अवधी होता. दूध वर येईपर्यंतचा तरी होताच. मी कॉफी प्यायलो, चांगली झाली आहे म्हणालो.

पुढच्या वर्षी मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला राहायला गेलो. अक्का उगादीला, म्हणजे पाडव्याला, जेवायला बोलावत. मी दोनदा गेलो, मग कामाची सबब सांगू लागलो.