उलटा गवती चहा

खामपन मावशी डोंगरावरच्या आमच्या तंबूतळावर एकवीस वर्षं स्वयंपाक करत होती. आम्ही चिआंग माईचे हौशी फोटोवाले. रात्रभर आकाशगंगेमागे धावायचो आणि पहाटे तिच्या हातचा भात ओरपायचो. ढग आले की तिलाच हाक. गवती चहाची काडी शेंडा खाली करून जमिनीत रोवली की पाऊस हटतो, पण रोवणारी कुमारिका हवी. तळावर तशी ती एकटीच, वय वर्षं एकसष्ट. त्यामुळे पाऊस पडला की बिचारीच्या अब्रूवरच यायचं.

इतक्या वर्षांत आम्ही तिचा एकही फोटो काढला नव्हता. याची मला आता लाज वाटते. तळ विकला गेला. रविवारी ती कायमची भाच्याकडे बँकॉकला जाणार होती, आणि तिथे कुठले तारे? जाताना तिने एवढंच मागितलं, एक फोटो, मागे आकाशगंगा आणि पुढे ती स्वतः.

अंधारात ताऱ्यांचा फोटो यायला वीस सेकंद लागतात, तेवढा वेळ पुतळ्यासारखं उभं राहावं लागेल, मी ‘झालं’ म्हणेपर्यंत हलायचं नाही, असं मी तिला बजावलं. दोन दिवस ती भांडी घासून झाल्यावर उभं राहण्याचा सराव करत होती.

शनिवारी संध्याकाळी तिने एकाच्या जागी तीन काड्या रोवल्या. नऊला धो धो पाऊस सुरू झाला. आमच्यातला वात्रट प्रवेत म्हणाला, "मावशे, आता तरी सांग, कोण होता तो?"

"असता तर तुझ्यासाठी भात रांधत बसले असते का, मेल्या?"

सगळे हसले. ती मात्र आभाळाकडे बघत होती.

अडीचला ढग फाटले. ठेवणीतला निळा ब्लाउज घालून ती धावत आली आणि हनुवटी वर करून खडकावर उभी राहिली. मी बटण दाबलं. पाच सेकंद झाले असतील नसतील, ढग पुन्हा मिटले आणि भुरभुर लागली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसता राखाडी डाग आला. पुन्हा दाबलं, तेच.

"सांग ना तिला," प्रवेत हळूच म्हणाला.

त्याच्या विजेरीच्या उजेडात मावशीच्या केसांतून पाणी गालावर ओघळताना दिसत होतं. ती पापणीही हलू देत नव्हती. वीस सेकंद केव्हाच उलटून गेले होते, आणि ‘झालं’ हा शब्द काही केल्या माझ्या तोंडून निघेना.