जयावहिनीच्या लुगड्यातला पक्षी

मी ज्या वस्तूवर बसलो ती शंभर वर्षांहून जुनी होती आणि मी बसेपर्यंत धडधाकट होती. खुर्चीवर मऊ लुगड्याची घडी होती. माझ्या वजनाच्या माणसाला असं काही दिसलं, की ते आपल्यासाठीच ठेवलंय असं वाटतं. खाली कडकन आवाज झाला. आधी वाटलं, मीच मोडलो.

हरेश्वरने लुगडं उलगडलं. आत मातीची शिट्टी होती, पक्ष्याच्या आकाराची. आता तुकडे होते.

"धोंडू," तो म्हणाला, "अख्ख्या घरात तुला हीच जागा मिळाली?"

तसं दहिसर गावठाणातल्या त्याच्या त्या दोन खोल्यांत जागा मिळणं कठीणच. भिंतीवर आफ्रिकेतले मुखवटे, फ्रीजवर बिनहातापायाच्या जपानी लाकडी बाहुल्या, मिक्सरच्या शेजारी कुठल्याशा देशातला पत्र्याचा देव. आम्ही दोघं महापालिकेच्या शाळेत एका बाकावरचे. त्याच्या घरचे सगळे मासे धरायला दर्यात जायचे. हा मालवाहू बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, झाला. बंदराला बोट लागली की बाकीचे खलाशी जिथे जायचे तिथे आपण कधी गेलो नाही, असं तो म्हणतो. मी विश्वास ठेवलाय. हा जुना बाजार शोधायचा. नवीकोरी वस्तू याला चालायची नाही. बाहुली हवी ती एखाद्या पोरीने चावलेली, मुखवटा हवा तो कुणाच्या तरी घामाने आतून काळा पडलेला.

घरात घेण्याचा अधिकार मात्र त्याच्या बायकोचा, जयावहिनीचा. वस्तू कुठल्याही देशातली असो, वहिनी उंबऱ्यातच तिच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवायची, कपाळ सापडलं तर कुंकू लावायची आणि नाव ठेवायची. बाहुल्या झाल्या वन्सं. सगळ्यांत उग्र मुखवटा झाला मामंजी. कुंकवाने जुन्या वस्तूची वाट लागते म्हणून एक जाणकार हळहळला होता. वहिनीने त्यालाही कुंकू लावलं, नारळ दिला आणि वाटेला लावलं.

पेरू देशातून आणलेल्या या शिट्टीचं नाव होतं पिलू.

हरेश्वर बोट सोडून कायमचा घरी आला आणि वहिनीचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग सण, मग माणसं. हा रोज जेवणानंतर तिच्या हातात एकेक वस्तू द्यायचा आणि विचारायचा, "ही कोण गं?" आधी वन्सं गेल्या. मग मामंजी गेले. "सासऱ्याला विसरायला तिला फार त्रास झाला नसेल," तो म्हणाला होता, आणि आम्ही हसलोही होतो.

मग एका सकाळी तो चहा घेऊन गेला, तर तिने पदर सावरला. "माझा नवरा बोटीवर आहे," म्हणाली. "तो आला की या."

"मग तू काय केलंस?" मी विचारलं होतं.

"काय करणार? बाहेर गेलो, चपला वाजवल्या, परत आत आलो. तर म्हणते, पुन्हा आलात?"

राहिलं होतं ते पिलू. गेल्या पंधरवड्यात तेही नाव तोंडातून आलं नव्हतं. पण दुपारी आडवं होण्याआधी ती त्याला आपल्या लुगड्यात गुंडाळून या खुर्चीवर निजवायची. हे हरेश्वर मला आत्ता सांगत होता, तुकडे वेचता वेचता. तेवढ्यावर तो आशा धरून बसला होता. आणि मी पिलावर.

"चिकटवू या का रे? मी आत्ता गोंद घेऊन येतो."

"खंडित झालं ना. मोडलेलं घरात ठेवायचं नाही, खाडीत सोडायचं, हे तिनेच ठरवलेलं. चांगले चांगले देव गेलेत त्या पाण्यात."

त्याने तुकडे वर्तमानपत्रात ठेवले. डब्यातून चिमूटभर तांदूळ आणून त्यावर टाकले, वहिनी टाकायची तसे. कोपऱ्यातून एक बारीक कपचा मी शोधून दिला. पक्ष्याच्या चोचीचा होता. माझ्याकडे न बघता त्याने तो घेतला आणि पुडी बांधली.

मग त्याने लुगड्याची पुन्हा घडी घातली आणि ते होतं तसं खुर्चीवर ठेवलं. मधोमध बोटाने जरा उंच केलं. लांबून कुणालाही वाटलं असतं, आत काहीतरी निजलंय.

आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या. वहिनी उठली होती. भिंतीला धरून येत असल्याचा आवाज जवळ येऊ लागला. पुडी कुठे लपवावी म्हणून मी इकडेतिकडे बघत होतो. हरेश्वर ती मांडीवर तशीच उघड्यावर घेऊन दाराकडे बघत बसला होता.

"हऱ्या," मी हळूच म्हटलं, "तिला कळलं तर रे?"

"कळलं तर अख्ख्या आळीत पेढे वाटीन."