संयोगितानं काढलेली ओळ

नाथाजीतात्या फोन उचलतात तो असा : "हां, हवालदार नाथाजी बोलतोय, बोला, ओव्हर." फौज सोडून अकरा वर्षं झाली, पण ते ओव्हर काही सुटलेलं नाही. बायकोनं दोन जुड्या मेथी आणायला सांगितली तरी उत्तर येतं, "रॉजर." त्यांची पुतणी संयोगिता साताऱ्याला माळ्यावर बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. तिचा दिवस सुरू होतो तो, "हॅलो, माझा आवाज येतोय का? आता येतोय का?" असा. खालून तिची आई लाटणं थांबवून ओरडते, "येतोय गं बाई, सगळ्या गल्लीला येतोय!"

आणि केरबा. केरबा फोनवर बोलतच नाही. समोर बसून बोलतो, तेही प्रत्येक वाक्याला आधी दारात उभं करून : "त्ये काय हाय... आपलं... मोटर गरम झालीया." एवढं सांगेपर्यंत मोटर जळून जाते असं तात्या म्हणतात.

कुंडलच्या उपसा संस्थेची नदीकाठी जॅकवेल आहे. जॅकवेल म्हणजे चाळीस फूट खोल, सिमेंटची गोल विहीर. नळातून नदी आत येते आणि पंप तिला वर शेतांकडे ढकलतात. आत उतरून खालचा व्हॉल्व्ह साफ करायचं काम केरबाचं. वरच्या ओढ्यांनी एकदम पाणी टाकलं की नदी चढते आणि नळातून विहीरही तिच्याबरोबर भराभर भरते. खालच्या माणसाला आकाश दिसतं ते ताटाएवढं. ढग कुठं आलेत, हे त्याला कळायचा मार्ग नाही.

म्हणून तात्यांनी सर्व्हर केला. फौजेत ते सिग्नलला होते, संगणक तिथंच शिकले. सात मैल वर एका पुलाखाली माप बसवलं. ते दर दोन मिनिटांनी पाण्याची उंची कळवतं, संस्थेच्या ऑफिसातला सर्व्हर ती घेतो आणि पाणी भराभर चढायला लागलं तर जॅकवेलच्या छतावरचा भोंगा वाजवतो. भोंगा वाजला की केरबाला वर यायला अर्धा तास हातात. सहा वर्षांत तो नऊ वेळा वाजला आणि केरबा नऊ वेळा वर आला. तो वर येऊन विडी पेटवायचा आणि थोड्या वेळानं खाली पाणी खवळायचं. यात कुणाला काही विशेष वाटेनासं झालं होतं.

संयोगिताला पसारा बघवत नाही. लहानपणी शेजारणीकडे खेळायला गेली की तिचे डबे उंचीप्रमाणं लावून यायची, आणि शेजारीण चार दिवस हळद शोधायची. यंदा गणपतीत ती कुंडलला आली आणि तिनं तात्यांचा कोड उघडला.

"तात्या, हे काय केलंय! एकच काम तीन ठिकाणी, तीन तऱ्हांनी?"

"चालतंय न्हवं? चालत्या गाडीचं बॉनेट उगडू ने, पोरी."

"आवं, पण उद्या चौथ्यांदा लागलं तर?"

"तर चवथ्यांदा लिवीन. मला कुटं टायपिंगचा कंटाळा हाय?"

काम असं होतं. एकाच संगणकावर सर्व्हर आणि इतर तीन छोटे प्रोग्राम चालतात : एक भोंग्याचा, एक भिंतीवरच्या फलकाचा, एक नोंदीचा. त्यांना आपसात बोलायला सॉकेट लागतं, म्हणजे जणू आतल्या आत एक खिडकी. सर्व्हर खिडकी उघडून बसतो, दुसरा येऊन तिथं चिकटतो. डिस्कवर ती खिडकी एका फाइलीसारखी दिसते. तात्यांनी फलकाची आणि नोंदीची खिडकी तात्पुरत्या जागेत ठेवली होती, जी संगणक बंद होऊन चालू झाला की आपोआप साफ होते. भोंग्याची मात्र पक्क्या जागेत, जिथलं आपोआप काही पुसलं जात नाही. का, तर भोंगा मोलाचा, मोलाची वस्तू फौजी माणूस तंबूत ठेवत नाही.

संयोगितानं तिन्हींचं मिळून एकच सुबक फंक्शन केलं. तीनही खिडक्या एका जागी आणल्या, पक्क्या जागी. भोंग्याच्या भागात तिला एक जास्तीची ओळ सापडली. खिडकी उघडण्याआधी त्याच नावाची जुनी फाइल पुसून टाकणारी. शेजारी तात्यांची टीप : निर्माल्य काढा.

बाकी दोन ठिकाणी ती ओळ नव्हती. साताऱ्याला परतल्यावर तिनं फोन केला.

"तात्या, ही निर्माल्याची ओळ कशासाठी?"

"लिवली आसंल कायतरी कारणानं. सहा वर्सं झाली, कोन ध्यानात ठेवतंय?"

"डोळे झाकून पुसणं बरं नाही. चुकून सर्व्हर दोनदा चालू झाला तर दुसरा पहिल्याचीच खिडकी पुसून टाकेल. मी असं करते, सर्व्हर बंद होताना स्वतःची फाइल पुसेल. काढू ही ओळ?"

"इंजिनेर तू का मी? काढ. ओव्हर."

काढली. दहा वेळा सर्व्हर रीतीनं बंद केला, दहा वेळा चालू केला, दहाही वेळा भोंग्याला चिठ्ठी पोचली. शिवाय तिनं एक शहाणपणाची सोय केली : एखादी खिडकी उघडली नाही तर सर्व्हरनं तेवढी नोंद करावी आणि बाकीचं चालू ठेवावं. एका दाराला कुलूप म्हणून अख्खं दुकान का बंद ठेवायचं?

मग खंडेनवमी आली.

गावात त्या दिवशी ट्रॅक्टर, कोयते, शिलाई मशीन, जे हाताशी असेल त्याची पूजा होते. तात्या सर्व्हरला झेंडूची माळ घालतात, आणि त्याआधी मेन स्विच पाडतात. नुसता मेन नव्हे, इन्व्हर्टरची वायरसुद्धा काढतात. वर्षात तो संगणक एवढ्यासाठीच मरतो. "भरल्या बंदुकीला हळदकुकू लावत न्हाईत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रीतीनं बंद करणं वगैरे काही नाही, खाडकन.

तशा मरणात सर्व्हरला स्वतःची फाइल पुसायला सवड मिळाली नाही. नारळ फुटला, वायर लागली, सर्व्हर उठला. जुन्या तीन फाइली तिथंच पडलेल्या. त्यानं खिडक्या उघडायला घेतल्या तर जागा भरलेली. तीनदा तशी नोंद त्यानं इमानानं केली, जिथं ती कुणीच वाचत नाही, आणि पुलाखालची मापं घेत बसला. भिंतीवरचा फलक कोरा राहिला. तात्या त्याला चापट मारून म्हणाले, "बल्ब गेला वाटतं. दसऱ्यानंतर बघू."

भोंगा तेवढा तपासला. भिंतीवरचं बटण दाबलं, भोंगा गावभर वाजला, सगळ्यांनी पेढे खाल्ले. बटणाची वायर थेट भोंग्याला जाते. सर्व्हर तिच्या वाटेत येत नाही.

पूजेमुळं पंप दिवसभर बंद. विहिरीत शांतता असलेला वर्षातला हा एकच दिवस, म्हणून व्हॉल्व्ह पुरता खोलून गाळ काढायचं मोठं काम केरबा दरवर्षी खंडेनवमीला ठेवतो. दुपारी दोनला तो पाना कमरेला लावून शिडीनं उतरला. फोन वरच्या खुंटीवर.

साडेतीनच्या सुमारास साताऱ्यात आभाळ काळंनिळं झालं होतं. संयोगितानं मोबाइलवर सहज पुलाचं माप बघितलं. पाणी लाल रेघेच्या वर होतं, वीस मिनिटांपासून. खाली लिहिलं होतं : भोंगा, आज वाजला नाही.

"तात्या! भोंगा वाजला?"

"वाजला की. सकाळी कडाक्यात."

"आत्ता! आत्ता वाजला का?"

"आत्ता कशाला वाजंल? म्या तर घरी पडलोय." मग आवाज बदलला. "केरबा खाली हाय."

ओव्हर म्हटलं नाही. नुसतं मोटारसायकलला किक मारल्याचं ऐकू आलं. भोंग्याचं बटण ऑफिसच्या भिंतीवर, आणि घरापासून ऑफिस दोन मैल.

संयोगिताचा लॅपटॉप देवापुढं पाटावर होता, कुंकू लावलेला, वर झेंडू. तिनं ओढला तशी आई धावली. "अगं, पुजलेल्या वस्तूला आज हात लावतात का?"

"केरबाकाका विहिरीत आहेत."

आई मागं सरली. तिनंच पदरानं कुंकू पुसून दिलं.

ऑफिसशी जोडणी दोनदा तुटली. तिसऱ्यांदा लागली आणि नोंद समोर आली. जागा भरलेली, तीनदा. संयोगिताला सगळं एका क्षणात कळलं. तिनं फाइली हातानं पुसल्या, सर्व्हर पुन्हा चालू केला आणि थांबली. पुढचं माप यायला दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत तिची आई देवाला काहीतरी पुटपुटत होती. माप आलं. भोंग्याला चिठ्ठी गेली. तात्या ऑफिसच्या वळणावर होते तेव्हा त्यांनी आवाज ऐकला. ते वळलेच नाहीत, तसेच सरळ नदीकडं गेले.

शिडीच्या वरून पाचव्या पायरीवर त्यांना केरबा सापडला. एका हातानं लटकलेला, छातीएवढ्या पाण्यात. व्हॉल्व्हपाशी उभं राहायला टाकलेली फळी पाण्यानं वर उसळून दुसऱ्या हाताची तीन बोटं शिडीला चेमटली होती.

दसऱ्याच्या सकाळी संयोगिता कुंडलला गेली. केरबा ओट्यावर बसला होता, हाताला पांढरं गाठोडं. तिनं उभ्याउभ्याच सांगितलं, चूक माझी होती, एक ओळ मी काढली. केरबानं ऐकून घेतलं.

"त्ये काय हाय, ताई... मला पानी ऐकाया आलं हुतं. नळातनं घरघर. लय येळ."

"मग वर का नाही आलात?"

"भोंगा न्हवता वाजला." तो समजावल्यासारखा बोलत होता. "म्या मनाशी म्हनलं, पानी आस्तं तर भोंगा वाजला आस्ता. ह्ये आपलं कान वाजत्यात. मंग म्या अजून दोन नट सोडलं."

तात्यांनी विडी पेटवून त्याच्या धड हातात दिली.

संयोगिता म्हणाली, "ओळ मी रात्रीच परत घातली, काका. तात्यांकडून खाडकन बंद करवून पण बघितलं, पाच वेळा. पण इथून पुढं पाणी ऐकू आलं की वर या. भोंगा वाजो न वाजो."

केरबानं गाठोडं मांडीवर नीट ठेवलं. उरलेला व्हॉल्व्ह सोमवारी उघडायचा होता, आणि तो उघडणारा माणूस गावात एकच.

"मंग तुमी मला येक सांगा," तो म्हणाला. "पानी तर त्या हिरीत रोज वाजतंय. कवा वर यायचं?"