मेहरबानी

मुलीची पत्रिका असलेली पिशवी मी येडशी स्टेशनावर विसरलो, आणि पाहुणे दुसऱ्याच दिवशी पत्रिका बघायला येणार होते. तिथला पाणीवाला भरउन्हात चालत ती घरी घेऊन आला.

या माणसाचा मला वैतागच. ओंजळीत पाणी घेताना कुणी आभार मानले, की हा धार थांबवतो. म्हणतो, “बोलू नगा, ठसका लागंल.”

मी सवयीनं म्हणालो, “मोठी मेहरबानी झाली.”

“मेहरबानी निजामासंगं गेली, मास्तर. वस्तू तुमची, तुमच्याकडं आली.”

टोपी देऊ केली, नको; धोतर देऊ केलं, नको. आभार मानत मी कोपऱ्यापर्यंत त्याच्यामागं गेलो आणि चिडून परतलो. “काही म्हणजे काही घेत नाही हा.”

बायको म्हणाली, “दिवसभर लोकांना पाणी पाजतो तो. त्याला पाणी विचारलंत?”