सिगारेट सुटली, वेप राहिलं

एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाल्या, “न्यूमोथोरॅक्स.” म्हणजे फुप्फुसाला बारीक छिद्र पडून हवा छातीच्या पोकळीत साचते आणि तिच्या दाबाने फुप्फुस आक्रसतं. त्या सकाळी दिल्लीजवळच्या मानेसरला निघालेल्या कंपनीच्या बसमध्येच माझ्या नवऱ्याच्या, संदेशच्या, छातीत कळ आली होती.

“सिगारेट ओढता?”

“सोडली. आता फक्त वेप.”

“फक्त?” डॉक्टरांनी मान वर केली.

वर्षभरापूर्वी त्याने सिगारेट सोडून ई-सिगारेट धरली, तेव्हा मी कौतुकाने पुरणपोळ्या केल्या होत्या. विक्रीवर बंदी आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. पण मेट्रोजवळचा पानवाला काउंटरखालून सहज काढून द्यायचा; वाटायचं, बंदी नावापुरतीच असेल.

डॉक्टर म्हणाल्या, “छिद्र वेपमुळेच पडलं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण ओढत राहिलात, तर पुन्हा पडण्याचा धोका वाढेल.”

बरगड्यांमधून चेस्ट ड्रेन, म्हणजे साचलेली हवा काढणारी नळी, घातली. तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. बुडबुडे थांबले की छिद्र बुजलं. आम्ही दोघं बाटलीकडे टक लावून बसायचो.

“आपण मासे पाळलेत असं वाटतंय,” मी म्हटलं.

तो हसला आणि कळवळला. “यार, हसवू नकोस ना!”

तलफ आली की माझ्यावर खेकसायचा, मग माझाच हात घट्ट धरून पडून राहायचा. एका दुपारी बुडबुडे थांबले. मी नर्सला हाक मारून वळले, तर हा रडत होता.

टाके निघाल्यावर आम्ही त्या पानवाल्याकडे गेलो. कॉलेजच्या दोन मुली तिथे उभ्या होत्या.

“सर, नया फ्लेवर आया है,” तो म्हणाला.

संदेशने शर्ट वर करून व्रण दाखवला. “मेरे पास ये आया है.”

मुली काही न घेता निघून गेल्या. पानवाला ओशाळला, पण माल ठेवायचा थांबला नाही. शेवटी संदेशने पोलिसांत तक्रार केली आणि माल जप्त झाला.

तुमच्या घरात कुणी ओढत असेल, तर डॉक्टरांपासून वेप लपवू नका. सोडायला मदत मिळते. संदेश अजून तंबाखूमुक्ती केंद्रात जातो. परवा तिथे एका नवख्या माणसाला तो सांगत होता, बायकोला सोबत आणत जा, चिडायलासुद्धा आपलं माणूस लागतं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझी इतकी तारीफ त्याने कधी केली नव्हती.